हरण्याचे वरचे दात

बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ही गोष्ट मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, सकाळी साडेसहा वाजता, हातात दुधाचं पातेलं असताना कळली. तोपर्यंत मी एका बैलाला सहाशे बारा वेळा वरचे दात बसवून मोकळा झालो होतो. शिवाय त्या सगळ्या दातांवर सरकारी शिक्का मारून घेतला होता.

सांगणारा ज्ञानू. ज्ञानू आमचा दूधवाला. गाव त्याचं कडेगावजवळ, पण म्हशी सांगलीत ठेवल्यात आणि आमच्या कॉलनीला गेली अकरा वर्षं तोच दूध घालतो. त्या दिवशी माझ्या हॉलमध्ये दोरीवर चित्रं ओळीने टांगली होती. ज्ञानूने दारातूनच मान आत घातली, बराच वेळ बघितलं आणि माप हातात तसंच धरून विचारलं, "आवं गुरुजी, ह्याला वरचं दात कुनी बसवलं?"

मी हसून म्हणालो की दात कुणी बसवायला कशाला हवेत, ते असतातच. ज्ञानू हसला नाही. बैलाला नसतात, म्हणाला. म्हशीला नसतात, गाईला नसतात, शेळीलाही नसतात. मग दूध ओतता ओतता, माणसाला वाईट बातमी सांगताना लावतात तसा आवाज लावून म्हणाला, "ह्यो बैल न्हाई गुरुजी. ह्यो दुसरंच कायतरी हाय."

आता हा बैल माझ्या घरात आला कसा ते सांगतो.

बत्तीस वर्षं मी सांगलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवतोय. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात चित्रकलेचा तास ही गणिताच्या सरांची राहिलेली उदाहरणं पुरी करायची हक्काची जागा आहे. स्नेहसंमेलनाचा पडदा मात्र दर वर्षी मी एकटा रंगवतो, आणि कार्यक्रमपत्रिकेत छापून येतं, 'रंगमंच सजावट : सर्व शिक्षकवृंद'. या सर्व शिक्षकवृंदाने बत्तीस वर्षांत एकदाच मला रंगाचा डबा धरायला मदत केली होती, आणि तोही पालथा केला. मी कधी काही बोललो नाही. पण पुढच्या जूनमध्ये निवृत्त होणार, आणि एवढं आयुष्य रंगवण्यात गेलं तरी आपलं नाव म्हणून कुठे छापून आलेलं नाही, हे मनात सलत होतं.

अशात साताऱ्याच्या एका सरकारी कार्यालयातून पत्र आलं. पहिलीच्या मुलांसाठी 'गंमतपाटी' नावाचा शैक्षणिक कार्यक्रम टीव्हीवर येणार होता. त्यातल्या 'एक ते दहा' या पाच मिनिटांच्या भागाची चित्रं आणि ॲनिमेशन मी करावं, असं त्यात होतं. शेवटी एक ओळ होती: 'श्रेयनामावलीत आपला योग्य उल्लेख करण्यात येईल.' ती ओळ मी उमाला, म्हणजे माझ्या पत्नीला, तीनदा वाचून दाखवली. मग म्हसवडच्या मेहुण्यापासून वाईच्या मावशीपर्यंत चौदा घरी फोन केले आणि माझं नाव टीव्हीवर येणार असल्याचं सांगून टाकलं. हा पहिला गाढवपणा.

मुकुल, म्हणजे आमचा मुलगा, पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. तो म्हणाला, बाबा, हल्ली हे यंत्राला सांगितलं की दहा मिनिटांत होतं. त्याने तसा एक बैल करून पाठवलाही. त्याला दोन वशिंडं होती आणि मागचा एक पाय उसात अडकल्यासारखा कुठेतरी राहिला होता. मी बाणेदारपणे कळवलं की मी हातानेच काढीन. हा दुसरा.

हाताने म्हणजे किती, हे मला नंतर कळलं. सेकंदाला बारा चित्रं. चालणं, मान हलवणं, शेपूट उडवणं ही परत परत वापरायची चित्रं वजा केली, तरी अकराशे चाळीस उरली. विषय मात्र मला मनापासून आवडला होता. हरण्या नावाचा पांढराशुभ्र खिलारी बैल सांगलीच्या बाजारात येतो आणि गुळाच्या ढेपा मोजतो, एक ते दहा.

पहिली अडचण चालण्याची. बैल चालताना कुठला पाय आधी टाकतो? शेजारच्या नानासोंना विचारण्याची दुर्बुद्धी मला झाली. नानासो निवृत्त सुभेदार. त्यांच्या मते जगातलं प्रत्येक चालणं डाव्या पायानेच सुरू होतं, आणि होत नसेल तर ते चालणं नव्हेच. माझ्या चेहऱ्यावर शंका दिसली तेव्हा ते प्रात्यक्षिक द्यायला स्वतः पार्किंगमध्ये हातापायांवर उतरले आणि "एक-दो-एक" म्हणत मोटारसायकलींच्या रांगेतून निघाले. मी मागून कागद-पेन्सिल घेऊन वाकून त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होतो. नेमक्या त्याच वेळी सोसायटीच्या सेक्रेटरी राजनंदिनीबाई जिना उतरल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली की पार्किंगचा वापर फक्त वाहनांसाठी करावा.

तरी पहिली पन्नास चित्रं झाली, आणि ती घेऊन मी एसटीने साताऱ्याला गेलो. तिथे कार्यक्रमाचं सगळं बघणाऱ्या अपूर्वा मॅडम. वय अठ्ठावीस असेल. बोलायला गोड. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'काळजी करू नका सर' म्हणायच्या, आणि काळजी तिथूनच सुरू व्हायची. त्यांनी मला तज्ज्ञ समितीसमोर उभं केलं. समितीत तिघे होते, एक भाषेचे, एक गणिताचे आणि एक बालमानसशास्त्राचे. गणिताच्या तज्ज्ञांना चिंता होती की बैलाला चार पाय असल्यामुळे मुलं चारच्या पुढे जाणार नाहीत. भाषेच्या तज्ज्ञांनी ढेप हा शब्द कुठून आला यावर अर्धा तास घेतला. बालमानसवाल्या बाईंनी मात्र चष्मा काढून माझ्या हरण्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हा हसत नाही. मुलं घाबरतील. हसरा करा, दात दिसू द्या."

मी घरी येऊन त्याला हसरा केला. दात कसे काढायचे म्हणून न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा राहिलो, तोंड ताणून हसलो आणि समोर दिसलं ते उतरवून काढलं. उमा चित्र बघून म्हणाली, "अहो, हा अगदी तुमच्यासारखा हसतोय." मला ते कौतुक वाटलं. समितीलाही हसू पसंत पडलं. पुढे प्रत्येक गठ्ठा साताऱ्याला नेला, त्यांनी प्रत्येक कागदाच्या मागे 'मंजूर' असा शिक्का मारला, आणि अकराशे चाळीस चित्रं पुरी झाली, त्यांतल्या सहाशे बारांत दात दिसत होते. आणि मग ज्ञानू दूध घालायला आला.

मी आधी पुस्तकात बघितलं. मग मोबाइलवर बघितलं. ज्ञानूचं म्हणणं खरं निघालं. मी साताऱ्याला फोन लावला आणि अपूर्वा मॅडमना सांगितलं की बैलाचे वरचे दात काढून टाकावे लागतील. त्या म्हणाल्या की चित्रं मंजूर झालेली आहेत, आणि मंजूर चित्रातला एक दातसुद्धा हलवायचा तर अर्ज हवा, तीन प्रतींत, बदलाचं शास्त्रीय कारण देऊन, सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्यासह. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी कार्यक्रम लागणार होता. हातात सोळा दिवस होते. काळजी करू नका सर, म्हणाल्या.

मनात आलं, राहू दे. कोण बैलाच्या तोंडात बघतंय? पण कडेगावपासून म्हसवडपर्यंतचा प्रत्येक शेतकरी आधी बैलाच्या तोंडातच बघतो, हे आता मला माहीत झालं होतं. उद्या पहिलीतलं पोर टीव्ही बघून गोठ्यात जाईल, बैलाचं तोंड उघडेल आणि म्हणेल, आपल्या बैलाचे दात पडले. माझ्या नावावर एवढं एकच चित्र जगात राहणार, आणि ते खोटं. मला ते सोसवेना.

सक्षम अधिकारी म्हणजे गुरांचे डॉक्टर. हे शंभूराज नावाचे तरुण गृहस्थ. त्यांच्या दवाखान्यात माझ्या पुढे एक लंगडी म्हैस आणि दोन शेळ्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी माझ्यामागे बघितलं आणि जनावर कुठंय म्हणून विचारलं. मी पिशवीतून हरण्या काढून टेबलावर ठेवला. दाखला एका जनावराचा मिळतो, अख्ख्या बैलजातीचा नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मीही हट्ट सोडला नाही, तेव्हा त्यांनी छापील फॉर्म ओढला. मालकाचं नाव, माझं. रंग, पांढरा. मग ते अडले. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर लिहायचा होता, आणि हरण्याच्या कानात बिल्ला नव्हता. बिल्ला नसलेलं जनावर सरकार जनावर मानत नाही, म्हणाले. मी त्यांच्या टेबलावरच पिवळा रंग काढून हरण्याच्या कानात बिल्ला रंगवला. शेवटी त्यांनी लिहून दिलं: 'सदर बैल चित्रात तपासला. वरील जबड्यात पुढचे दात आढळले. ते नसावेत.' खाली सही, शिक्का. पाठीमागे शेळीवाला कुतूहलाने बघत होता.

दाखला घेऊन निघालो तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं, "सर, खालचे दात किती दाखवणार? ते वयावर असतात. बैल किती वर्षांचा आहे?"

मला माझ्या बैलाचं वय माहीत नव्हतं.

इकडे मुकुलला वाटलं आता आपली पाळी. बाबा, फोटो पाठवा, एका बटणात दात पुसतो, म्हणाला. त्याने यंत्राला सांगितलं, पांढरं तेवढं काढ. दात पांढरे, पण हरण्याही पांढरा. परत आलेल्या फिल्ममध्ये दोन शिंगं, चार खूर आणि शेपटीचा गोंडा एवढंच बाजारातून चाललं होतं आणि गुळाच्या ढेपा मोजत होतं. उमाने ती फिल्म पुढे चारपाच जणांना पाठवल्याचं मला नंतर कळलं.

शेवटी ज्ञानू म्हणाला, गावाला चला, आई दावंल. ज्ञानूची आई बनुबाई. वय ऐंशीच्या आसपास. पंचक्रोशीत बैल घ्यायचा तर लोक आधी तिला नेऊन दाखवतात. आम्ही गेलो तेव्हा ती गोठ्याच्या दारात बसून होती. ज्ञानूने सांगितलं, गुरुजी दात बघायला आलेत. तिने मला वरपासून खालपर्यंत निरखलं. मग उठली, दावणीच्या खोंडाची वेसण धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्याचा वरचा ओठ उचलला.

"बगा. वर नुसती हिरडी हाय. आता खालचं मोजा."

मी मोजले. आठ.

"मदलं चार रुंद, कडंचं चार बारकं, दुधाचं. म्हंजी चार दाती. तीन वरसं सरून वर गेलाय." तिने ओठ सोडला आणि मला विचारलं, "शाळंत काय शिकीवता तुमी?"

चित्रकला, म्हणालो.

"मग बघायला कोन शिकीवतं?"

तिने ते खवचटपणे विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या वर्गाच्या फळ्यावर गेली बत्तीस वर्षं वरच्या कोपऱ्यात मीच लिहितो, 'आधी बघा, मग काढा.' आणि मी बैल काढायचा म्हणून न्हाणीघरातल्या आरशात स्वतःकडे बघून आलो होतो. लाज वाटली. तिथेच पोत्यावर बसलो आणि तीन तास त्या खोंडाचं तोंड काढत राहिलो. बनुबाई दर थोड्या वेळाने न सांगता येऊन त्याचा ओठ उचलून धरायची.

पुढचे बारा दिवस आमच्या घरात दुसरं काही झालं नाही. वरचे दात गुलाबी रंगाने बुजवायचे, हिरडी करायची, खाली आठ दात नव्याने काढायचे, कानात बिल्ला भरायचा. बिल्ले उमाने भरले, अकराशे चाळीस. नानासोंनी वहीला रेघा आखल्या आणि रोज सकाळी 'दात उतरवले' या रकान्यात आकडा लिहून घेतला. कमी भरला तर चहाला बसू द्यायचे नाहीत. ज्ञानू दूध घालून झालं की चपला काढून आत यायचा, वाळत घातलेली चित्रं एकेक करून तपासायचा आणि एखाद्यात वरचा पांढरा ठिपका राहिला असेल तर तो कागद वेगळा काढून मुकाट्याने माझ्यापुढे ठेवायचा. इतकी बारकाईने माझी चित्रं आजवर कुणी बघितली नव्हती.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही. खालच्या आठ दातांतले मधले चार मी रुंद काढले आणि कडेचे चार बारीक. सहाशे बाराच्या सहाशे बारा चित्रांत. टीव्हीवर ते मुगाएवढेही दिसणार नव्हते. उमाने एकदा विचारलं, एवढं भिंग लावून काय करताय? मी म्हटलं, रंग पसरलाय जरा.

साताऱ्याला गठ्ठा घेऊन गेलो तेव्हा समितीने दाखला वाचला, पुन्हा वाचला आणि अकराशे चाळीस कागदांवर पहिल्या शिक्क्याशेजारी दुसरा शिक्का मारला. बालमानसवाल्या बाईंना हिरडीचं हसू पहिल्यापेक्षा जास्त आवडलं. निघताना मी अपूर्वा मॅडमना नावाचं विचारलं. उल्लेख नियमानुसार होईल, म्हणाल्या, काळजी करू नका सर.

रविवारी सकाळी साडेदहाला कार्यक्रम. ज्ञानूचा आग्रह होता की तो त्याच्या गावीच बघायचा, कारण तोंड त्याच्या खोंडाचं आहे. उमा, मी आणि नानासो गेलो. घर माणसांनी भरलेलं. बनुबाई दाराशी सूप घेऊन शेंगा निवडत बसली होती. तिला कुणी काही सांगितलं होतं असं दिसत नव्हतं. टीव्ही लागला. हरण्या बाजारात आला, डावा पाय आधी टाकत, आणि नानासोंनी छाती पुढे काढली. पोरं त्याच्याबरोबर ढेपा मोजू लागली. दहाव्या ढेपेला सगळं घर एका आवाजात दहा म्हणालं.

मग नावं सुरू झाली. मी उमाचा हात धरला. संकल्पना गेली. मार्गदर्शन गेलं, त्यात सात नावं होती. चहापानाची व्यवस्था कुणी केली तेही होतं. मग आलं, 'चित्रे व ॲनिमेशन : तज्ज्ञ समिती, सातारा.' आणि जाहिरात लागली.

माझ्या खिशात फोन थरथरायला लागला. चौदा घरांपैकी पहिलं घर असणार. मी तो बाहेर काढला नाही. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं. लोकांना काय सांगायचं हा प्रश्न होताच, पण पुढच्या जूनमध्ये आपण शाळेतून बाहेर पडणार, आणि आपण इथे होतो याला काही पुरावाच नाही, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. नानासो घसा खाकरून म्हणाले की कागदोपत्री तक्रार करू. उमाने माझा हात सोडला नव्हता.

बनुबाईला नावं वाचता येत नव्हती आणि तिने ती बघितलीही नव्हती. तिने सूप खाली ठेवलं.

"चार दाती हाय," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ज्ञानूला कळेना. "कोन गं?"

"त्यो आत्ता गेला त्यो. चार दाती हाय. कानात बिल्ला हाय, पाय सरळ टाकतुय. लय गुनाचा वाटतुय." मग शेंगांची टरफलं पदरावरून झटकत तिने विचारलं, "कुनाचा हाय रं?"

ज्ञानूने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांचा हाय. आपल्या गुरुजींचा."

त्या दिवशी गोठ्यात निरखलं होतं तसं तिने मला पुन्हा वरपासून खालपर्यंत निरखलं. या वेळी जरा जास्त वेळ.

"इकू नगा," ती म्हणाली.

"नाही विकत," मी म्हणालो.